घुब्र्यातली बर्फावरची हॉकी

आमच्या ह्यांनी आयुष्यात बर्फ पाहिला तो दोनच ठिकाणी, फ्रीजमध्ये आणि मासळीबाजारात. चिपळूणचा माणूस, ओमानात एसीच्या देखभालीची नोकरी. दिवसभर लोकांना गार हवा देऊन घरी आले की आधी आमचा एसी बंद करायचे, सर्दी होते म्हणून. असा माणूस एका मार्चमध्ये टीव्हीसमोर बसून बर्फावरची हॉकी बघायला लागला, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. आम्ही अल् घुब्र्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो, मुलगी तिथल्याच इंडियन स्कूलमध्ये नववीला होती. कॅनडातले संध्याकाळचे सामने आमच्याकडे पहाटे लागायचे, म्हणून हे व्हीसीआरला वेळ लावून ठेवायचे आणि ऑफिसातून आल्यावर चहा पीत टेप बघायचे. आवाज अगदी बारीक. क्रिकेटला ह्याच माणसाचा टीव्ही खालच्या मजल्यावर ऐकू जायचा. विचारलं तर म्हणाले, ऑफिसात सगळे ह्यावरच बोलतात. ऑफिसात सगळे म्हणजे दोन केरळी, एक सुदानी आणि अर्बाब, म्हणजे ह्यांचा ओमानी मालक. अर्बाबचा जीव उंटांच्या शर्यतीत. मग चकतीमागे धावणाऱ्या गोऱ्यांबद्दल बोलत होतं कोण? ह्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

त्यातच एकदा गाडीच्या डिकीतून भाजी काढताना स्टेपनीखाली एक पिशवी दिसली. आत लोकरीचे हातमोजे, बायकी, मरून रंगाचे, बौशरच्या मॉलमधल्या दुकानाची चिठ्ठी अजून लटकत होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मोजे होते तसे ठेवले आणि वर येऊन मेथी निवडत बसले, पण डोकं निवडण्यात नव्हतं. कॅनडाचा खेळ, बायकी हातमोजे, बारीक आवाज. त्या आठवड्यात ह्यांचा एकेक शर्ट हुंगून मगच मशीनमध्ये टाकला. घाम आणि ऑइल, दुसरं काही सापडलं नाही. त्याने संशय कमी झाला नाही, उलट वाटलं, फारच सावध दिसतात.

शेजारच्या भाभी रत्नागिरीकडच्या, त्यांच्या नवऱ्याचं कापडाचं दुकान. त्यांना हातमोज्यांचं नाही, फक्त हॉकीचं सांगितलं. त्या हसल्याच.

"वहिनी, माझ्या दिरानं पण असंच केलेलं. आधी टीव्हीवर बर्फ, मग टोरांटोला बिऱ्हाड. तिकडे पाठवणारा एजंटच सांगतो ना, मुलाखतीत गोरा साहेब हॉकीचं हमखास विचारतो म्हणून."

दुसरी बाई असती तर मला काय करायचं ते माहीत होतं. कॅनडाचं मात्र काय करायचं ते कळेना. कारण आमचं ठरलं होतं. मुलीची दहावी झाली की परत जायचं. मी बीएस्सी, वर लॅबचा डिप्लोमा केलेला, चिपळूणच्या दवाखान्यात रक्त-लघवी तपासणारी बाई. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले आणि तपासायला फक्त मुलीच्या वह्या उरल्या. परत गेल्यावर मैत्रिणीबरोबर स्वतःची लॅब काढायची होती. बसस्टँडजवळची जागा तिने बघूनही ठेवली होती. कॅनडा म्हणजे पुन्हा शून्यापासून, आणि तेही माझ्या पाठीमागे ठरवलेलं.

तरी ह्यांना काही बोलले नाही. मला त्यांना रंगेहाथ पकडायचं होतं. म्हणून रोज दुपारी, हे ऑफिसात आणि मुलगी शाळेत असताना, ती टेप मी आधी बघायला लागले. बघून पुन्हा सुरुवातीला आणून ठेवायची. सुरुवातीला ती काळी चकती दिसायचीच नाही. हळूहळू दिसायला लागली. साखळी संपून बाद फेरी तोंडावर आली होती आणि एकाच प्रांतातले दोन हाडवैरी समोरासमोर येणार होते. एक निळ्या कपड्यांचा, एक लाल. सात सामने, आधी चार जिंकेल तो पुढे. टेपवर कोट घातलेले तीन बुवा बसून कोण जिंकणार ह्यावर वाद घालायचे. मला त्यांच्यावरही भरवसा नव्हता. त्यातला टकला सारखा लालवाल्यांची बाजू घ्यायचा, नक्की तिकडचा असणार.

मालिका सुरू व्हायच्या आधीच्या शुक्रवारी हे म्हणाले, ऑफिसचा एक माणूस जेवायला येतोय, सुरमई कर. माणूस आला तो टाय लावून. ऑफिसात टाय लावून एसी दुरुस्त करणारा कोण, हे मी विचारलं नाही. ताटं वाढली आणि दारामागे कान देऊन उभी राहिले. सोलकढी होईपर्यंत मामुली गप्पा झाल्या, मग त्याने मुलाखतीतल्या गोऱ्या साहेबाचा आवाज काढून ह्यांची तोंडी परीक्षा सुरू केली. कॅनडाची राजधानी कोणती, झेंड्यावर कुठलं पान, आणि ह्या मालिकेत कोण जिंकेल?

ह्यांनी टकल्याचं पाठ केलेलं म्हणायला घेतलं. लाल जिंकतील, कारण त्यांनी गोल जास्त केलेत. का जास्त केलेत, असं विचारल्यावर गाडी अडली. 

मला राहवलं नाही. भाताचं पातेलं घेऊन बाहेर आले आणि सांगितलं, लाल नाही, निळे. लालवाल्यांचे अर्धे गोल समोरचा गडी चुकीबद्दल बाहेर, शिक्षेच्या पेटीत बसलेला असतानाचे आहेत. बाद फेरीत पंच एवढ्या शिट्ट्या मारत नाहीत, मग ते गोल कुठून येणार? निळ्यांचा गोलकीपर मोठ्या सामन्यात गडबडत नाही. आणि लालवाले निळ्यांकडून आधी हरलेले आहेत, ते त्यांच्या चालण्यातच दिसतं. सातवा सामना होईल आणि निळे जिंकतील.

 मुलगी पुटपुटली, "आई, यू वॉच हॉकी?"

एजंटने हात पुसला, मी काय शिकले, किती वर्षं नोकरी केली ते विचारलं, कॅनडाच्या अर्जात शिक्षण-नोकरीला गुण असतात ते बोटांवर मोजले आणि ह्यांना म्हणाला, "सर, मॅडम के पॉइंट तो आपसे ज़्यादा बनते हैं. आपके नाम पे मुश्किल है. मॅडम के नाम से डालो, आप साथ में जाओ."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भात वाढला.

तो गेल्यावर भांडी तशीच ठेवून मी समोर बसले. म्हटलं, अर्ज माझ्या नावाचा असेल तर तो मी करणार नाही. आणि हे कधीपासून चाललंय, मला का नाही विचारलं?

हे रिमोटची बटणं चाचपायला लागले. मग म्हणाले, "तू नाही म्हणाली असतीस."

"हो. म्हणूनच विचारायचं असतं."

त्यांनी वाद घातला नाही. मुलीच्या कॉलेजचा विचार होता, म्हणाले, आणि ह्या देशातून कधी ना कधी जावं लागणारच ना. खोटं नव्हतं ते. पण मला राग होता आणि तो मी लपवला नाही. पुढच्या वर्षी आम्ही चिपळूणला परतलो, बसस्टँडजवळ लॅबची पाटी लागली. ती मालिका कोण जिंकलं ते मला आजही माहीत नाही, त्या शुक्रवारनंतर आमच्या घरात व्हीसीआरला वेळ कोणी लावलीच नाही.

त्या शुक्रवारी संध्याकाळी हे खाली गाडीपाशी गेले आणि ती पिशवी घेऊन आले. तुझ्यासाठी घेतले होते, म्हणाले, तिकडे थंडी फार. मी मोजे हातात चढवले. माझे पंजे रुंद, बोटं आखूड. बांगड्या भरताना कासार दर वेळी माप चुकतो. मोजे मात्र बोटाच्या टोकापर्यंत बरोबर बसले. माझ्या हाताचं माप त्यांनी न विचारता ओळखलं होतं, आणि बाकी सगळंही तसंच ओळखता येईल असं त्यांना वाटलं होतं.