डोळे उघडे ठेवून

बुवांच्या गाण्याच्या वर्गात डोळे मिटायला बंदी होती. उशिरा आलेलं चाले, घरून पाठांतर न करता आलेलं नाइलाजाने चाले, सूर तर आम्ही रोजच चुकत होतो. पण गाताना कोणी डोळे मिटून मान डोलावू लागला, की बुवा पेटी थांबवीत. भात्यावर हात तसाच ठेवून, अगदी आवाज न चढवता विचारीत, "झोप आली का? मग घरी जाऊन नीज. इथे गायचं असेल तर डोळे उघड." पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटे. ती थट्टा नव्हती हे समजायला मला बरीच वर्षं लागली.

महाडच्या बाजारपेठेत एका भुसार दुकानामागची लांबट खोली म्हणजे बुवांचा वर्ग. पावसाळ्यात सावित्रीचं पाणी बाजारात शिरे, म्हणून त्यांनी तंबोऱ्यासाठी भिंतीत खूप उंचावर खुंटी ठोकून घेतली होती. तंबोरा काढायचा तर तांदळाच्या पोत्यावर चढावं लागे. मला तिथे पाठवलं होतं ते पाहुणे बघायला आले की दोन पदं म्हणता यावीत एवढ्यासाठी. माझे वडील शाळामास्तर, त्यांना गाण्याचं काही नव्हतं. माझा आवाज विहिरीच्या रहाटापेक्षा थोडासा बरा होता. हे बुवांना पहिल्या दिवशीच कळलं, पण त्यांनी मला परत पाठवलं नाही. "बस. ऐक," म्हणाले. मी बसले आणि लग्न होईपर्यंत ऐकत राहिले.

बुवा मूळचे तुडीलचे, घरची भातशेती. तरुणपणी मुंबईला जाऊन, एका खानसाहेबांच्या घरी पाणी भरून गाणं शिकून आले होते. पण मी गाणं शिकलो ते सप्ताहात, असं ते सांगत. माझं आजोळही तुडीलचंच, त्यामुळे तिथला माघातला सप्ताह मला ठाऊक होता. सात दिवस देवळात अखंड नाम चालायचं. वीणा एकाच्या गळ्यातून काढून दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, काही झालं तरी जमिनीला टेकवायची नाही. गावातल्या एकेका घराला एकेक पहारा वाटून दिलेला, आणि तो त्या घरात बापाकडून मुलाकडे जायचा. बुवांच्या घराचा पहारा दुपारच्या जेवणानंतरचा, सगळ्यांत रुक्ष. ऐकायला कोणी नसतं, देवळात चार म्हातारे पेंगत असतात आणि विणेकरी एकटा उभा. "तेव्हा डोळे मिटून चालत नाय," बुवा म्हणत. मनातलं बोलू लागले की त्यांच्या शहरी बोलण्यात तुडील डोकावायचं. "डोळे मिटले तर पुढचा माणूस आला हे कळणार कसं? वीणा द्यायची कोणाच्या हाती?"

आता हीच त्यांची चिंता झाली होती. बुवांना एकच मुलगी, ती घाटावर वाईला दिलेली. बुवांच्या छातीत दम्याने घर केलेलं. पहारा पुरा होईपर्यंत उभं राहणं जमेनासं झालं होतं. घराण्यात पुरुष नाही, तर पहारा दुसऱ्या घराला द्यावा, असं गावात बोलणं निघालं. बुवांनी देवळात जाऊन शब्द टाकला, की माझ्या जागी माझा शिष्य उभा राहील, तो माझ्या घरचाच समजा. गाव कुरकुरलं, पण बुवांचा मान होता. कबूल झालं.

तो शिष्य म्हणजे वसंता. लाकडाच्या वखारवाल्यांचा मुलगा. त्याचा आवाज कसा होता हे मला लिहून सांगता येणार नाही. तो षड्ज लावायचा तेव्हा बाहेर दुकानात धान्य मापणारा माणूस माप तसंच हातात धरून थांबायचा. वसंता गात असला की बुवा त्याच्याकडे बघत, आणि तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसे ते मी नंतर कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही, माझ्या नवऱ्याच्याही नाही. मला वसंताचा हेवा वाटायचा. आवाजाचा नाही, त्या बघण्याचा.

वसंता मुंबईला मावशीकडे काही महिने राहिला आणि परत आला तो कलावंत होऊन. गळ्याला रेशमी रुमाल. दही वर्ज्य, ताक वर्ज्य, कोकमाची कढीही वर्ज्य. कोणी गा म्हटलं की आधी घशावरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "आज मूड नाही." मुंबईत त्याने मोठमोठी गाणी ऐकली होती, पण उचलून आणलं ते गाण्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं. मधलं गाणं तेवढं तिथेच राहिलं. रियाजाला येईना. आला तर तंबोरा लावण्यातच अर्धा वेळ घालवी, भुवया उंचावून, जणू आम्ही सगळे बहिरे.

साथीच्या रोगासारखं ते पसरलं. वर्गातल्या दोघा-तिघांनी केस वाढवले. ज्याला अजून भूप धड येत नव्हता तो घराण्यांवर बोलू लागला. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा पीत ते कोणाचं गाणं "बुद्धीचं" आणि कोणाचं "नुसतंच गोड" याचे निकाल लावीत. त्यांनी स्वरसाधक संघ स्थापन केला. संघाचं पहिलं काम म्हणजे फोटो. स्टुडिओत वसंता तंबोरा घेऊन डोळे मिटून बसला. फोटोग्राफर बिचारा सारखा म्हणत होता, साहेब, डोळे उघडा, फोटो खराब येईल. वसंताने उघडले नाहीत. तो फोटो स्टुडिओच्या काचेत बरीच वर्षं होता आणि बाजारात जाताना मला तो चुकवता येत नसे.

बुवा त्यांना रागावले नाहीत. रागावण्यासाठी आशा लागते आणि ती ते वसंतासाठी राखून ठेवत होते. एकदा वर्ग सुटल्यावर मी पेटीवर कापड घालत होते, तेव्हा स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "गाणं यायच्या आधीच कलावंत येऊन बसला. आता गाण्याला जागा कुठे?" मी म्हटलं, त्याला स्पष्ट सांगा ना. बुवा म्हणाले, "सांगून काय होणार? सप्ताहात उभा राहू दे. तिथे कोणी वाहवा म्हणत नाही. तिथे गळून पडेल सगळं."

माघात मी आईबरोबर होडीने आजोळी गेले. बुवा आधीच पोचले होते, वाटेवर सारखे नजर लावून. वसंता त्याच्या दोघा मित्रांसह आला, पांढरा शुभ्र झब्बा, खांद्यावर शाल. आल्या आल्या त्याने विचारलं, श्रोते कुठे आहेत. देवळात जेवून आलेले चार म्हातारे खांबांना टेकले होते, आणि मी, आई, मामी भांडी घासून येऊन बाजूला बसलो होतो. "हे काय, बसलेत की," बुवा म्हणाले. वसंता मित्रांकडे बघून हसला.

आधीचे विणेकरी माझ्या आजोळच्या नात्यातले धोंडूतात्या. उन्हातान्हात राबणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. वसंता पुढे झाला. एकमेकांच्या पाया पडायचं असतं, तात्या वाकले, हा नुसता मान लववून उभा. वीणा त्याच्या गळ्यात आली. बुवा खांबाशी उभे होते, हात जोडलेले. वसंताने तार छेडली. पुन्हा छेडली. चेहरा वाकडा केला. आणि मग सतरंजीवर मांडी घालून बसला, गळ्यातला पट्टा काढला, आणि खुंटी पिळायला सोयीचं पडावं म्हणून वीणा समोर आडवी ठेवली. जमिनीवर.

विसरून नाही. बुवांनी त्याला दहादा सांगितलं होतं. नाम थांबलं. इतका वेळ ते सतत कानावर होतं की थांबल्यावर देऊळ एकदम रिकामं वाटलं. पेंगणारे म्हातारे जागे झाले. मी सगळ्यांत जवळ होते. माझे हात आपोआप पुढे गेले आणि मामीने मागून माझा पदर धरून ओढला. "मागं हो गो. बायका नाय घेत."

"बुवा," वसंता वर बघून म्हणाला, "बेसूर वाद्य गळ्यात घालून मी नाही गाऊ शकत. कलावंताच्या कानांना त्रास होतो."

 बुवा वीणा उचलायला पुढे झाले आणि खोकल्याची उबळ येऊन तिथेच खाली बसले. धोंडूतात्यांनीच धावत येऊन वीणा उचलली, कपाळाला लावली, गळ्यात घातली आणि नाम पुन्हा सुरू केलं. आवाज भरड, कापरा, सुरात नव्हताच. संध्याकाळी गावाने देवापुढे गाऱ्हाणं घातलं, चूकभूल पदरात घे म्हणून. वसंता आणि मित्र तोवर होडीतून निघून गेले होते. गाऱ्हाणं झाल्यावर तात्या बुवांजवळ येऊन बसले. भांडले असते तर बरं झालं असतं. ते मऊ आवाजात म्हणाले, "तुमच्या सबदावर दिला व्हता आमी. आता फुडल्या सालाला आमचं आमी बघू, बुवा. तुमी दमलाव. तुमी बसून ऐका."

बुवांनी मान हलवली. पिढ्यान्‌पिढ्यांचा पहारा त्या मान हलवण्यात गेला. परत येताना होडीत त्यांच्याजवळ मीच बसले होते. पलीकडच्या काठाकडे बघत ते म्हणाले, "गळा त्याला दिला आणि कान तुला. देवाने वाटणी करताना डोळे मिटले होते बघ." मला हसावं की रडावं कळेना. मी रडले.

याच्यावर वरताण म्हणजे संघाने त्याच वर्षी बुवांचा सत्कार केला. शाळेच्या सभागृहात संध्याकाळी कार्यक्रम, बुवा स्टेजवर खुर्चीत, अंगावर शाल, मांडीवर नारळ. वसंताने साधना, समर्पण, गुरुऋण यांवर लांबलचक भाषण केलं. तुडीलचं नावही काढलं नाही. मग डोळे मिटले आणि यमन सुरू केला. तो वाईट गायला असता तर माझं मन शांत झालं असतं. पण आवाज तसाच होता, अजून तसाच, आणि त्या आवाजाला कसलीच लाज नव्हती. मी बुवांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. माझ्या शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, गुरुवर्य किती तल्लीन झालेत बघा. मी उठून बाहेर आले.

त्यानंतर वर्ग बंद झाला. बंद केला असंही बुवा म्हणाले नाहीत, दार उघडायचं राहिलं एवढंच. माझं लग्न झालं आणि मी पोलादपूरला आले. एक दिवस भाजी घेऊन येताना स्टँडवर बुवा दिसले. मुलीकडे वाईला कायमचे निघाले होते, गाडी घाट चढायच्या आधी जरा थांबली होती. हातात एक पिशवी, बाकी काही नाही. मी न राहवून विचारलं, तंबोरा?

"खुंटीवर आहे," ते म्हणाले. "खाली ठेवायला जीव होईना. आणि कोणाच्या हाती द्यावा तर माणूस नाय."

मी द्या म्हटलं नाही. माझ्याकडे गळा नव्हता, आणि हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी मला काहीतरी म्हणायला सांगितलं, तिथेच, पिशवी हातात असताना. आजूबाजूला माणसं होती. तरी मी त्यांच्याकडे बघत भूपाची एक ओळ म्हटली, हळू. बुवा माझ्याकडे बघत होते. "गंधार उतरला," म्हणाले. कंडक्टरने घंटी मारली. बुवा वर्षभराने वाईला वारले, हे मला माहेरून कळलं.

पुढच्या पावसाळ्यात पाणी नेहमीप्रमाणे बाजारात आलं, पण खुंटीपर्यंत पोचलं नाही. दुकानदाराला खोली रिकामी हवी होती. त्याने तंबोरा वसंताला देऊ केला. वसंताने खालूनच वर पाहिलं, हा मिरजेचा दिसत नाही म्हणाला, आणि गेला. पुढे तो वखारीवर बसू लागला. कोणी गायला सांगितलं की अजूनही घशावरून हात फिरवतो म्हणे.

तंबोरा शेवटी माझ्या वडिलांनी एसटीच्या टपावर बांधून मला आणून दिला. आमच्या घरात कधी पूर येत नाही, तरी मी उंच खुंटी ठोकून घेतली. माझ्या मुलांना सूर नाही. शेजारच्या मुली येतात, सिनेमातलं गातात, छान गातात, आणि गाता गाता डोळे मिटतात. मी काही म्हणत नाही. दिवाळीच्या आधी स्टुलावर चढून मी तंबोऱ्याची धूळ पुसते. दोन्ही हातांत धरून थोडा वेळ तशीच उभी राहते, दाराकडे बघत, आणि परत खुंटीला अडकवते.