भूकंपाची घंटा

आमच्या घरात भूकंप मी आणला.

खरा भूकंप येऊन दोन वर्षं झाली होती, पण आमच्या लातुरात तो कुणाच्याच अंगातून गेला नव्हता. माझे वडील, म्हणजे अण्णा, शाळेत मास्तर. घरात ते फक्त जेवायला आणि रागवायला येत; झोपत मात्र अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये, पायात चपला घालून! घराच्या स्लॅबकडे नुसतं बघितलं तरी त्यांना घाम फुटायचा. (त्याच स्लॅबवरची खोली त्यांनी बारावीच्या क्लासला भाड्यानं दिली होती. तेव्हा गावात क्लास इतके निघत होते की रिकामा गोठाही मिळत नव्हता.)

मला भूकंपाइतकीच अण्णांची भीती होती. बारावीत मी आपटलो आणि आयटीआयला इलेक्ट्रिशियनला लागलो.

"अण्णा, आयटीआयची साऱ्या देशात एकच पद्धत हाय," मी चाचरत समजावलं. "ट्रेड घ्यायचा. थोडी थिअरी, बाकी वर्कशॉप. शेवटी देशपातळीची परीक्षा, मग कारखान्यात अप्रेंटिस. सर्टिफिकेट कुठंबी चालतंय."

"आतापस्तोर काय शिकलास?"

"कानस मारायला."

"इलेक्ट्रिशियन होणार अन् लोखंड घासत बसलास?"

"सुरुवातीला सगळ्यांनाच घासावं लागतंय."

"मग वरच्या क्लासात बसून पुस्तकं घास! म्होरल्या महिन्यात आयटीआयतून तुझं नाव कमी करतो. डॉक्टर व्हायचंय तुला!"

डॉक्टर, आणि मी? (बेडूक कापताना आडवा झालेला विद्यार्थी मीच! बेडूक माझ्यापेक्षा धीराचा होता.) वर्कशॉपमध्ये मला खरंच आवडत होतं. आता अण्णांना काहीतरी करून दाखवणं भाग होतं.

"हे काय टांगलंस रे?" आईनं कणीक मळता मळता विचारलं.

"भूकंपाची घंटा! हा गवंड्याचा ओळंबा, दोरीला लोंबतंय ते वजन, त्याच्याभोवती तांब्याचं कडं. घर हाललं की ओळंबा कड्याला टेकणार, बॅटरीचा करंट जाणार, घंटा वाजणार."

जेवायला आलेल्या अण्णांनी भिंतीवर बुक्की मारली. घंटा ठणाणली आणि अण्णा एका उडीत अंगणात! पण लगेच परत आले. चपला काढल्या, चटई टाकली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा घरात आडवे झाले.

"लई झ्याक काम केलंस," एवढं म्हणाले आणि घोरायला लागले. मला रडूच आलं.

फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. ओळंबा मी स्लॅबच्या हुकाला टांगला होता, आणि दुपारचा क्लास सुरू व्हायची वेळ झाली होती. वर क्लासचे सर आत शिरले आणि खोलीभर पोरं एकदम उठून उभी राहिली. "नमस्ते सर!"

घंटा वाजली.

"पळा! आला!" अण्णा चटई अंगाला गुंडाळून धावले. आई कणकेच्या हातांनी देव्हाऱ्यातले देव ओच्यात कोंबत धावली. त्यांची आरडाओरड ऐकून वरची पोरं जिन्यावरून धडाधड खाली सुटली. त्यामुळं घर आता खरंच हादरायला लागलं आणि घंटा थांबेचना! सगळी गल्ली रस्त्यावर आली. क्लासचे सर खडू घेऊन उभे होते.

शेवटचं पोरगं खाली आलं. घर हालायचं थांबलं. घंटाही गप्प झाली. अण्णांनी सगळीकडे नजर फिरवली आणि ती गेटावर येऊन थांबली.

"घंटा कुणी केली?"

"म्या."

"आधी वरची पोरं हालली का जमीन, हे कुणाला कळाय पायजे व्हतं?"

"मला."

"अन् सगळ्यांच्या आधी गेटावर कोण?"

मी गेट घट्ट धरून उभा होतो. माय-बाप आत आहेत, हे मला गेटावर पोचल्यावर आठवलं होतं!

"पण मास्तर," क्लासचे सर म्हणाले, "डोकं आहे पोराला. उद्यापासून क्लासला पाठवा, डॉक्टर करू."

"नगं सर," अण्णा म्हणाले. "आयटीआयतच राहू द्या ह्याला. डॉक्टर झाला तर पेशंटचं पोट उघडं टाकून पळंल!"

त्यामुळं मी इलेक्ट्रिशियन झालो. देशभर चालणारं ते सर्टिफिकेट फ्रेम करून घरात लावलंय, अगदी दाराला लागून. पळताना हाताशी असावं!