दाबक्यांचा खोकला

लंडनजवळच्या हॅरोच्या मराठी मंडळात कमलाकर दाबक्यांना कुणी घाईत पाहिलेलं नाही. चौतीस वर्षं भुयारी रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढलेला माणूस. सिग्नल लाल असला की थांबायचं आणि का लाल आहे हे विचारायचं नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. निवृत्तीनंतर ते रस्ता ओलांडतानासुद्धा सिग्नलमधल्या हिरव्या माणसाची वाट बघत. रस्त्यावर एकही गाडी नसताना. पावसात.

असा माणूस गेले पाच महिने फोनकडे बघत बसलाय.

त्यांचा मुलगा अवधूत एका मदतसंस्थेसाठी वाळवंटात विहिरी खोदायला माली देशात गेला होता. फेब्रुवारीत विहिरीवरून परतताना त्याची जीप अडवली गेली. ड्रायव्हरला सोडलं, अवधूतला नेलं. आठवड्यानं मागणी आली. आकडा ऐकून कमलाकरराव म्हणाले, "एवढा पगार त्याला कुणी कधी दिला नाही हो."

पोलिसांतर्फे हेलन नावाची बाई नेमली गेली. उंच, शांत, दारातच बूट काढणारी. तिनं पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या. घर विकून पैसे पाठवायचा विचार मनात आला असेल तर तो काढून टाका, अशा दहशतवादी टोळ्यांना खंडणी देणं इथल्या कायद्यानं गुन्हा आहे. बोलणी करणारे वेगळ्या वाटेनं बोलताहेत. आणि दुसरं, कुणालाही सांगू नका. बातमी फुटली की किंमत चढते.

कुणालाही सांगू नका, हे मराठी मंडळातल्या माणसाला सांगणं म्हणजे जरा अतीच. मला कळलं ते शेजारी म्हणून, आणि दाबक्यांच्या घराची जादा किल्ली माझ्याकडे असते म्हणून. बाकी सगळ्यांना कमलाकरराव खोटं सांगत. गणपतीच्या मीटिंगला अलकाताईंनी धरलंच त्यांना.

"अहो काका, अवधूत कुठाय? साउंड सिस्टिम त्याच्याकडे असते दर वर्षी. चार मेसेज टाकले, उत्तर नाही. इतका काय बिझी?"

"रेंज नाही तिथं."

"पाच महिने रेंज नाही?"

"वाळवंट आहे ना, अलका," कमलाकरराव म्हणाले, आणि चहाच्या कपात बघत राहिले.

फोन बंद ठेवायचा नाही आणि त्याचा आवाजही घालवायचा नाही, ही हेलनची सूचना. त्यामुळे पुण्याहून वैजयंतीमावशी रोज पहाटे गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ' पाठवी, तेव्हा कमलाकरराव आणि त्यांची बायको लीलाताई, दोघंही धडपडून उठत. धाकट्या बहिणीला थांबवायचं तर कारण सांगावं लागणार. म्हणून लीलाताई पाच महिने रोज तिला उलट फूल पाठवताहेत.

जूनमध्ये हेलननं एक प्रश्न मागितला. अवधूत जिवंत आहे याची खात्री करायला त्याच्यापर्यंत एक प्रश्न पोचवायचा. उत्तर फक्त त्यालाच ठाऊक असलं पाहिजे, इंटरनेटवर कुठे सापडता कामा नये. लीलाताई तेव्हा डॉक्टरकडे गेल्या होत्या. कमलाकररावांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "मी त्याच्या आईला काय हाक मारतो, ते विचारा."

"उत्तम," हेलन म्हणाली. "उत्तर या कागदावर लिहा."

इथं ते अडखळले. समोर परकी बाई, तीही पोलीस. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात बायकोला एकदाही नावानं हाक मारली नाही, हे इंग्रज बाईला कसं सांगायचं? काय म्हणेल ती? त्यांनी नीट अक्षरात लिहिलं : 'लीला'. वर पाकीट चिकटवून दिलं.

एकोणीस दिवसांनी हेलन आली ती आणखी एका अधिकाऱ्याला घेऊन. दारात बुटांचे दोन जोड बघूनच लीलाताईंनी मला हाक मारली. मी जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. हेलननं चहा नको म्हटलं. ती चहा कधीच नको म्हणत नसे.

"मिस्टर दाबके, उत्तर आलंय. पण ते जुळत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कदाचित प्रश्न त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. दुसऱ्याच कुणी उत्तर दिलं. किंवा..."

'किंवा'च्या पुढे ती गेली नाही. कमलाकरराव गालिच्याकडे बघत होते. लीलाताईंचा आवाज मात्र स्वच्छ आला.

"प्रश्न काय होता?"

"मी तुला काय हाक मारतो," कमलाकरराव पुटपुटले.

"आणि तुम्ही काय लिहिलंत?"

"लीला."

"लीला? कोण लीला?"

लीलाताई हेलनकडे वळल्या. "माझा मुलगा काय म्हणाला?"

हेलननं वही उघडली. "तो म्हणाला, 'काहीच नाही. ते खोकतात. दोनदा. पाहुणे असले तर एकदाच.'"

लीलाताई मटकन खुर्चीत बसल्या. आधी हसल्या की आधी रडल्या, हे मला सांगता येणार नाही. मीही भिंतीकडे तोंड केलं होतं. "आहे," त्या म्हणत होत्या, "आहे हो तो. पाहुण्यांचं दुसऱ्या कुणाला माहीतच नाही. अहो, पोर तिकडं बंदुकीसमोर खरं बोललं, आणि तुम्ही इथं सोफ्यावर बसून खोटं!"

दुसऱ्या अधिकाऱ्याला हे सगळं लेखी हवं होतं. हेलननं जबाब लिहून घेतला, खोकला कोरडा की कफाचा हेही विचारलं. मग तिनं स्वतःहून चहा मागितला.

"हा प्रश्न आता संपला," जाताना ती म्हणाली. "पुढच्या वेळेसाठी नवा लागेल. किती दिवसांनी ते सांगता येत नाही. आणि मिस्टर दाबके, या वेळी खरं उत्तर."

"त्याला विचारा, नीट जेवतोस का," लीलाताई म्हणाल्या.

"त्याचं उत्तर कुणीही देईल, मिसेस दाबके."

"आणि त्यानं दिलं तरी खोटंच देईल," कमलाकरराव म्हणाले. "माझ्यावर गेलाय."

हेलन गेली. कोरा कागद टेबलावर राहिला, त्याच्या शेजारी फोन. कमलाकररावांनी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. लीलाताई कप विसळायला आत गेल्या होत्या. थोड्या वेळानं ते खोकले. मी तिथं होतो, म्हणून एकदाच.

"ऐकलं," आतून आवाज आला. "आधी प्रश्न लिहा."