अर्धी तुळस

माझं लग्न डोणगावला ठरलं आणि मायनं सगळ्यात आधी गोंदणारीला निरोप धाडला. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. आमच्याकडच्या सासवा मात्र नागपूरच्या सरकारापेक्षा कडक. ज्या सुनेच्या हातावर गोंदण नाही तिच्या हातचं पाणी सासरी चालत नाही, ही मायची पक्की समजूत. ती स्वतः सासूला इतकी भ्यायलेली, की सासू जाऊन वर्षं लोटली तरी घरात मोठ्यानं हसत नसे.

गोंदणारीनं माझ्या उजव्या हातावर वृंदावनासकट तुळस काढली. ओरडलं की रेघ वाकडी येते, असा तिनं दम भरला होता, म्हणून मी दात आवळून बसले. जाताना ती मायला म्हणाली, "तेल-हयद लावत जा. पानी लागू देऊ नका. खपली आपोआप पडू द्या."

खपली धरायच्या आधीच हात टम्म सुजला. त्यात आमची आत्या आली. कुठल्याही सुजेवर तिच्याकडे एकच औषध, बिब्ब्याचा चटका. पाय मुरगळला, बिब्बा. कंबर धरली, बिब्बा. तिच्या सांगण्यावरून मायनं बिब्बा दिव्यावर तापवला आणि त्याचं काळं तेल ताज्या टोचलेल्या कातडीला लावलं. बिब्बा उतला. हातभर फोड आले, पाणी गळू लागलं, आणि तुळस कुठे आहे तेही दिसेना.

आत्या जराही गडबडली नाही. "रोहिनखेडच्या एका बाईचा असाच सडला होता," ती म्हणाली. "डाक्तरनं कोपरापासून कापला." मग तिनं चहा मागितला.

तेव्हापासून मी हाताकडे पाहायचं सोडलं. गोधडीखाली बोटं तेवढी हलवून बघायचे. हलली की घटकाभर बरं वाटायचं, मग पुन्हा हलवून बघायचे. माय खोबरं वाटून लेप लावायची आणि लावता लावता हळूच वास घ्यायची. सडल्याचा वास येतो का, हे ती पाहतेय, ते मला कळायचं. मी श्वास रोखून तिच्या नाकपुड्यांकडे बघत राहायचे.

"माय वं, हात कापतीन काय?" मी एकदा विचारलं.

"गप राह्य," ती म्हणाली आणि चुलीकडे निघून गेली.

हात वाचला. फोड बसले, खपल्या धरल्या, गळाल्या. खाली वृंदावन होतं, एक फांदी होती. वरची पानं मात्र सालपटांबरोबर गेली होती. तिथे नुसती गुलाबी, चकचकीत कातडी. लग्न तोंडावर आलेलं, म्हणून आत्यानं परस्पर गोंदणारीला पुन्हा बोलावलं. अंगणात गोंदणारीनं सुयांची जुडी बाहेर काढली आणि मी हात पाठीमागे लपवला. पण नाही म्हणायची सोय नव्हती. अर्धी तुळस घेऊन सासरी कोण उभं करणार?

मायनं माझं मनगट धरलं. मला वाटलं, पुढे ओढतेय. तिनं माझा हात आपल्या पदराखाली घेतला.

"अर्धीच राहू दे," ती गोंदणारीला म्हणाली.

"अवं, पन ते लोकं काय म्हनतीन?" आत्यानं विचारलं.

"म्हनू द्या, बाई. पुरी पाह्यजे असंन तं दुसरी पोरगी पाहा म्हना त्यायले."

गोंदणारीनं सुयांची जुडी परत गुंडाळली, तरी मायनं पदराखालचा माझा हात सोडला नाही.