निजले का तिघं?

उमाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच स्टुलावर बसले होते. संध्याकाळची लाइट नुकतीच गेली होती, बॅटरीचा टीं-टीं आवाज सुरू झाला होता आणि मी थोरल्या भाऊजींचं आणि मधल्या भाऊजींचं कॉम्प्युटरमधलं मशीन झोपवून तिसऱ्याकडे वळले होते. फोन माझ्या नवऱ्याचा, बीडच्या दवाखान्यातून. "रेखा... ताई..." एवढंच बोलता आलं त्यांना. पुढचं मला कळलं. मागच्या बाजेवर माझे सासरे, अप्पा, पडले होते. त्यांना काहीच ऐकू गेलं नव्हतं. त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, "निजले का तिघं?" मी म्हटलं, "निजले, अप्पा." मग पदर तोंडात धरून मी बोळात गेले. लेक गेली हे बापाला कसं सांगायचं याची तालीम करायला तेवढीच जागा होती.

उमाताई म्हणजे माझी नणंद. तीन भावांतली एकुलती एक बहीण, थोरल्या दोघांच्या पाठची आणि माझ्या नवऱ्याच्या आधीची. लग्न केलं नाही. आधी जमलं नाही आणि नंतर त्यांनी जमू दिलं नाही. मी नांदूरघाटहून लग्न होऊन वडवणीला आले तेव्हा त्या दुकानामागच्या, बोळाकडे उघडणाऱ्या खोलीत टेलिफोन बूथ चालवायच्या. काचेची ती पेटी, आत लाल आकडे, आणि बाजाराच्या दिवशी बाहेर ही रांग! नवी नवरी म्हणून मी तोंड पाडून बसले होते तर त्यांनी मला हाताला धरून त्या काचेच्या पेटीत उभं केलं, माझ्या माहेरच्या शेजाऱ्यांचा नंबर फिरवला आणि बाहेरून दार लावून घेतलं. "पोटभर रड. काचेतून आवाज येत न्हाई." सासरी आल्यावर पहिल्यांदा मला आपलं माणूस सापडलं ते तिथं.

मग मोबाइल आले आणि बूथ बसला. गावात दुसरं कुणी असतं तर खोलीला कुलूप लागलं असतं. उमाताई चाळिशीच्या पुढे औरंगाबादला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स करून आल्या, खोलीत मुलींसाठी क्लास काढला, आणि एक दिवस टेम्पोतून लोखंडी कपाटासारखं एक धूड उतरवून घेतलं. कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातला जुना सर्व्हर होता तो. त्यावर त्यांनी लिनक्स टाकलं. "का हो ताई, सगळं जग विंडोज वापरतंय," मी विचारलं. तर म्हणाल्या, "खिडकी असली की डास येतात. पोरींच्या पेन ड्राइव्हमधून रोज नवा रोग येतोय. हे घर पक्कं हाय."

त्याच्या आधी आमच्या घराची वाटणी झाली होती. अप्पांनी एका मोठ्या दुकानाचे तीन गाळे पाडले, चिठ्ठ्या टाकल्या. थोरल्यांना खत-बियाणं, मधल्यांना किराणा, आमच्याकडे कापड. शेत, गोदाम, भांडी, सगळं सारखं. गुंजभर इकडं-तिकडं नाही. गावानं वाखाणलं. फक्त या तोलात अप्पांनी स्वतःसाठी काहीच ठेवलं नाही. "मला काय करायचं? ऱ्हाईन एकेकाकडं चार-चार महिने." आणि खरंच राहायला लागले. वळकटी एका हातात, लिंगपूजेची लाकडी पेटी दुसऱ्या हातात. आम्ही कुणी वाईट वागवलं असं नाही... पण तिन्ही घरांत त्या पेटीला ठरलेली जागा नव्हती. पाळी बदलली की दारात उभं राहून अप्पा सुनेला विचारायचे, "पेटी कुठं ठिवू, बाई?" ज्यांनी ही घरं बांधली त्या माणसाचा तो प्रश्न ऐकला की माझं काळीज हलायचं. उमाताई ऐकायच्या आणि कामाला लागायच्या. त्यांना तरी कुठं वाटा मिळाला होता! मागची खोली रस्त्याच्या तोंडावर नव्हती म्हणून कुणीच मागितली नाही, तेवढी त्यांच्याकडे राहिली.

भावांना पुढे बिलासाठी कॉम्प्युटर हवे झाले. प्रत्येकाला वेगळा, कारण एकाचा हिशेब दुसऱ्याला दिसायला नको. उमाताई म्हणाल्या, तीन यंत्रं कशाला, माझ्या एकाच धुडात मी तुम्हाला तीन वेगळी मशीनं करून देते. भाऊ हसले. मग त्यांनी मला जसं समजावलं तसंच त्यांना समजावलं. घर एकच, चुली वेगळ्या. लोखंडाचं यंत्र एक; त्याच्या पोटात तीन-चार मशीनं नुसती मांडलेली, हाताला न लागणारी, पण प्रत्येकाला वाटतं की आपण स्वतंत्र हाय. एकाच्या चुलीवर काय शिजतंय ते दुसऱ्याला दिसत नाही. बाहेरच्या मोठ्या यंत्राला म्हणायचं यजमान आणि आतल्यांना पाहुणे. प्रत्येक गाळ्यात कॉम्प्युटरचा एक जुना पडदा आणि कीबोर्ड, आणि भिंतीतून आणलेली वायर. तीन भावांची तीन आणि चौथं क्लासच्या पोरींचं. मशीनांची नावंही तीच: थोरला, मधला, धाकटा आणि पोरी.

पहिला आठवडा छान गेला. मग मधल्या भाऊजींचं मशीन भर बाजाराच्या दिवशी बंद पडायला लागलं. गिऱ्हाईक समोर, बिल अर्धवट, आणि पडदा काळा. पुन्हा चालू करावं तर तासाभरात पुन्हा तेच. मधले भाऊजी तसे तापट. त्यांनी सरळ थोरल्यांवर संशय घेतला. "माझंच कावून बंद पडतंय? त्याचं कसं न्हाई पडत? मागून कायतरी केलंय ह्यानं." थोरले म्हणाले, "मला माउस धरता येत न्हाई बे, मी काय करणार!" दोघं तावातावानं बोळातून मागच्या खोलीत आले, त्यांना आवरायला माझा नवरा, आणि तमाशा चुकू नये म्हणून मी. योगायोग असा की त्या दिवशी अप्पांची पाळी बदलत होती. ते मधल्यांकडून आमच्याकडे निघाले होते. वाटेत दम लागला म्हणून ते त्याच खोलीच्या दाराशी, पेटी मांडीवर घेऊन बसले होते.

लिनक्स सगळ्याची नोंद ठेवतं, ती नोंद उमाताईंनी उघडली आणि ओळीमागून ओळ वाचत गेल्या. मग एकदम हसत सुटल्या. इतक्या की डोळ्यांना पाणी आलं.

"चूक माझी हाय," म्हणाल्या. "मशीनला काम करायला जागा लागती. मेमरी म्हणत्यात तिला. आपल्याकडं चार जीबी. तुमी तिघं म्हणालात सारखी वाटा, याला जास्त कावून, त्याला कमी कावून. मी चौघांत एक-एक वाटून मोकळी झाले. पण हे चौघं ज्याच्या अंगाखांद्यावर बसलेत त्या यजमानाला काहीच ठिवलं न्हाई! तो गुदमरतोय. लई गुदमरला की जो सगळ्यात जास्त जागा खातोय त्याला उचलून बाहेर टाकतो. मधल्यादादा, तुमी दिवसभर बिलासोबत पत्त्याचा डाव उघडा ठिवता, म्हणून तुमीच पडता."

पत्त्यांचं निघाल्यावर मधले भाऊजी जरा मऊ झाले. पण उमाताईंनी जेव्हा सांगितलं की आता चौघांतलं थोडं थोडं काढून यजमानाला देते, तेव्हा ते पुन्हा उसळले. "माझ्यातलं कावून काढायचं?" त्यावर उमाताई स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाल्या, "आई काय म्हणायची? ताट द्यावं, पण पाट देऊ नये. मी वाटायच्या नादात बसायचा पाट बी देऊन टाकला. ज्याच्या घरात ऱ्हायचं, त्यालाच बसायला जागा न्हाई, असं घर कसं चालंल?"

दाराशी बसलेले अप्पा हळूच म्हणाले, "मी बी तेच केलतं की गं, उमे."

थोरले भाऊजी जमिनीकडे बघत होते. उमाताई ते मुद्दाम बोलल्या की सहज, हे मी पुढे त्यांना कितीदा विचारलं. त्या नुसत्या हसायच्या. पण त्या क्षणी त्या उठल्या, अप्पांच्या मांडीवरची पेटी उचलली, सर्व्हरच्या वरच्या फळीवर ठेवली आणि भावांना म्हणाल्या, "ही आता हलायची न्हाई." माझ्या नवऱ्यानं घरून बाज आणली. मधल्यांनी गादी पाठवली. थोरल्यांकडून रोजचा डबा ठरला. पाळ्या संपल्या. सर्व्हरचं नाव उमाताईंनी त्याच दिवशी बदलून 'पाट' ठेवलं.

त्या खोलीतली पुढची वर्षं माझ्या सासरच्या आयुष्यातली सगळ्यात गोड वर्षं. पोरी कीबोर्ड बडवताहेत, अप्पा पूजा करताहेत, आणि उमाताई ओरडताहेत, "अप्पा, विभूती झटकू नका, पंख्यात जाती!" एकदा सर्व्हर तापून बंद पडला तेव्हा झाकण काढलं तर आत खरंच राखाडी थर. अप्पा म्हणाले, "त्याला बी लागली असंल गरज." अशा खोलीत राहून मीही शिकले. आधी गंमत म्हणून, मग खरंच. नवं मशीन कसं उभं करायचं, कुणाला किती जागा द्यायची, एखादं अडकलं तर घाबरून सगळंच बंद न करता आधी नोंद कशी वाचायची. आणि लाइट गेली की काय करायचं. आमच्याकडे भारनियमन म्हणजे जेवणाइतकं नेमाचं. बॅटरी थोडाच वेळ टिकायची. तेवढ्यात एकेक पाहुणा झोपवायचा. बंद नाही करायचा, झोपवायचा. म्हणजे लाइट आली की अर्धवट बिलसुद्धा जिथल्या तिथं सापडतं. फक्त त्याचं घड्याळ मागं पडतं, ते पुढे करावं लागतं. सगळे निजले की शेवटी यजमान.

अप्पांना यातलं झोपवणं तेवढं कळलं आणि फार आवडलं. लाइट गेली की बाजेवरून विचारायचे, "निजले का तिघं?" पन्नाशीला आलेल्या पोरांबद्दल! उमाताई म्हणायच्या, "निजले." अप्पा म्हणायचे, "मग तू बी टेक जरा." आणि उमाताई कंदिलाची काच पुसता पुसता, किंवा अप्पांसाठी भाकरी कुस्करता कुस्करता, ठरलेलं उत्तर द्यायच्या, "मी शेवटी, अप्पा." त्या टेकल्याचं मला आठवत नाही. यजमानाला जागा ठेवायला त्यांनी आम्हाला सगळ्यांना शिकवलं, आणि स्वतःच्या बाबतीत मात्र एक-एक वाटून मोकळ्या झाल्या. अंगात ताप असताना क्लास घेतला. डोळे पिवळे दिसताहेत असं मी म्हटलं तर म्हणाल्या, बल्बचा उजेड हाय. मला त्यांचा राग येतो, अजून येतो. बीडला नेलं तेव्हा फार उशीर झाला होता.

दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "अप्पांची पेटी, रेखा... मी न्हाई राहिले तर हे तिघं आपापलं मशीन घेऊन जातील. खोली मोकळी झाली की कुणालातरी गोदाम लागंलच. पेटी परत फिरायला लागंल. तेवढं बघ." त्यांना स्वतःसाठी काही मागायचं सुचलं नाही, तेव्हासुद्धा.

त्यांचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं. शेतात त्यांना माती देऊन महिनाही झाला नव्हता, तर थोरल्या भाऊजींच्या मुलानं लॅपटॉप आणला. मग मधल्यांनी. मग आमच्या घरातही तीच भाषा. दोष कुणाचा नाही. जुना सर्व्हर किती दिवस पुरणार! आतलं मशीन म्हणजे शेवटी एक मोठी फाईल. उचलून दुसरीकडे नेता येते. मीच एकेकाचं उचलून दिलं. आणि ज्या दिवशी शेवटचं दिलं त्याच दिवशी थोरले भाऊजी दारात उभं राहून खोलीची लांबी-रुंदी नजरेनं मोजायला लागले. "खताची पोती पावसात भिजत्यात... अप्पांना घरी नेऊ म्हणतो. आधीसारखं, चार-चार महिने." उमाताईंनी धरलेलं माझं मनगट दुखायला लागलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अप्पा बाजेवर उठून बसले. इतक्या वर्षांत मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता.

"ताटं न्या आपापली. पाट ऱ्हाऊ द्या. एकदा दिऊन बसलो. उमीनं परत मिळवून दिला, तो आता न्हाई देणार."

थोरले भाऊजी आत आले, फळीवरच्या पेटीखालची धूळ आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसली आणि गेले. संध्याकाळी त्यांच्या घरून डबा नेहमीच्या वेळेला आला.

क्लास आता मी चालवते. सर्व्हरवर पोरींचं एकच मशीन उरलं आहे. सुरू केला की तो अजून उमाताईंचंच नाव दाखवतो, आणि त्याच्यापुढे 'पाट'. ते बदलायला दोन ओळी लागतात. मी बदललेलं नाही. लाइट मात्र अजून रोज जाते. अप्पा विचारतात, "निजले का तिघं?" तिघं आता तिथं नाहीत, हे त्यांना ठाऊक आहे आणि मलाही. मी म्हणते, "निजले, अप्पा." पोरींचं मशीन झोपवते, मग यजमान बंद करते, पंखा हळूहळू थांबतो. अंधारातून अप्पांचा आवाज येतो, "मग तू बी टेक जरा."

पहिल्यांदा त्यांनी मला असं म्हटलं तेव्हा उमाताईंचं 'मी शेवटी' हे उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. स्टूल ओढून त्यांच्या बाजेजवळ नेलं, आणि लाइट येईपर्यंत बसून राहिले. आता रोज बसते.