पेन्सिलीनं लिहिलेला शेरा

ती फाईल आजही डोळ्यांपुढून जात नाही. खाकी पुठ्ठा, वर लाल नाडी आणि मागच्या पानावर पेन्सिलीच्या दोन ओळी. रिटायर झालेले साहेब लोक आपल्या मोठ्या केसेस लिहितात. मी पोलीस ठाण्यात सव्वीस वर्षं झाडलोट केली, पाणी भरलं, चहा दिला. माझ्या वाट्याला केस एकच आली. नाव कुणाचंच घेत नाही.

ठाणं नागपूर जिल्ह्यातलं, जंगलाच्या बाजूचं. रानडुकरं पीक खातात म्हणून इकडचे लोक बंदुकीचा परवाना मागतात. आधी अर्ज कागदावर असायचा. फाईल ठाण्यात आली की जमादार गावात जायचे, पोलीस पाटलाला विचारायचे, शेजाऱ्यांना विचारायचे, घरात डोकवायचे आणि अहवाल लिहायचे. अर्ज नाकारला तर कारण अर्जदाराला लेखी कळायचं. म्हणून जे उघड करायचं नाही ते जमादार मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवायचे. नियमात हे नव्हतं, पण फाईल हातात घेणारा आधी मागचं पान बघायचा.

आमच्या जुन्या जमादारांनी एका संत्र्याच्या बागायतदाराची अशीच चौकशी केली होती. निघताना त्याची बायको फाटकापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "साहेब, यायले बंदूक नोका देऊ. राग आला का विळा फेकून मारतेत मले. पण माझं नाव नोका लिहू जी."

जमादारांनी शाईनं काही लिहिलं नाही. मागे लिहिलं, 'बायको भिते, देऊ नये. तिला विचारल्याचं सांगू नये.' फाईल कपाटात सगळ्यात खाली गेली. तो चौकशीला आला की जमादार म्हणायचे, "वरतून आली नाही गा अजून." सहा वर्षं वरून काही आलं नाही.

मग जमादार रिटायर होऊन नागपुरात सक्करदऱ्याला राहायला गेले आणि परवान्याचं काम ऑनलाइन झालं. जुने कागद स्कॅन करायचे होते. परवान्याच्या टेबलावर बसणाऱ्या शिपायानं मला पोरांचं खोडरबर आणून दिलं. "मावशी, टाचण्या काढा आन् पेन्सिलीचं सारं पुसून टाका. पानं साफ पाहिजेत."

मला वाचता येतं, सावकाश. एकेक ओळ वाचून मी पुसत होते. त्या ओळीवर हात थांबला.

"हे ठेवायचं असंन ना?" मी विचारलं.

तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "मावशी, तुमाले वाचाले नाही, पुसाले बसवलं आहे."

बाकीचे हसले. मी पुसलं.

वर्षभरानं त्या बागायतदारानं ऑनलाइन अर्ज केला. त्याच आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, त्याची बायको ठाण्यात आली. आधी बाहेरच घुटमळली, मग माझ्याजवळ माठापाशी येऊन बसली.

"बाई, ते जुने जमादार कुठी गेले?"

"रिटायर झाले."

"त्यायनं माझं लिहून ठेवलं होतं. यायनं आता कॉम्प्युटरवरून अर्ज केला म्हणतेत. माझं लिहिलेलं आहे ना वं अजून?"

ठाणेदार साहेब आतच बसले होते. दार दहा पावलांवर. मी खोडलं म्हणून सांगायचं होतं, तिचा हात धरून आत न्यायचं होतं. पण साहेबांपुढं तोंड उघडायची मला सवय नव्हती, आणि खोडलं कोणी हे विचारलं असतं.

"आहे," मी म्हटलं. "लिहून आहे."

तिचा चेहरा खुलला. पाणी प्यायली, पिशवीतली दोन संत्री माझ्या हातात ठेवली आणि गेली.

ऑनलाइन अर्ज कपाटात खाली ठेवता येत नाही. मुदत संपली की स्क्रीनवर लाल खूण येते, वरून फोन येतो. शिपायानं बघितलं, गुन्हा नाही, जुनी फाईल साफ. गावातली चौकशी त्यानं फोनवर केली. फोन अर्जदारानंच उचलला. ठाण्याकडून नाहरकत गेली आणि बंदूक आली.

चार महिन्यांनी पोलीस पाटलाचा सकाळी फोन आला. त्या घरात बंदुकीचा बार झाला, बाई जागीच गेली. नवऱ्याला ठाण्यात आणलं. तो रडत होता. "नळी साफ करून राहिलो होतो जी. सुटली."

साहेबांनी अपघाती मृत्यूची नोंद करायला घेतली. शिपाई म्हणाला, "माणूस चांगला आहे, साहेब. भांडणाची तक्रार नाही. जुनी फाईल पण साफ आहे."

मी चहा ठेवत होते.

"साफ मी केली जी," मी म्हणाले.

साहेबांनी मान वर केली. मी पेन्सिलीच्या ओळीचं सांगितलं. माठाजवळचं सांगितलं नाही.

त्यांनी मागच्या खोलीतून फाईल काढवली आणि शेवटचं पान खिडकीपाशी तिरपं धरलं. पेन्सिल गेली होती, दाब उरला होता. जमादार जोर देऊन लिहायचे. दुपारी गाडी पाठवून त्यांना आणलं, जबाब घेतला. जाताना ते माझ्यापाशी थांबले. "काहून पुसलं, मावशी?"

तुम्ही शाईनं काहून नाही लिहिलं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी कप विसळायला घेतले.

साहेबांनी नवऱ्याला पुन्हा समोर बसवलं आणि ते पान वाचून दाखवलं. त्याचं रडणं थांबलं.

"म्हणजे खरंच लिहून होतं?" तो म्हणाला.

"तुले कोणं सांगितलं, लिहून आहे म्हणून?"

"तिनंच. पहिले भेत होती. मंग बोलाले लागली. ठाण्यात माझं लिहून आहे म्हणे, मले हात लावला तं तुमीच सापडसान. रोज तेच. म्हटलं, कोणं सांगितलं तुले? तं म्हणे, ठाण्यातल्या एका बाईनं."

"कोणत्या बाईनं?"

"मले काय माहीत जी."

"बार कसा झाला?"

त्यानं बाहीनं नाक पुसलं. मग म्हणाला, "केला."

मी दाराशी ट्रे धरून उभी होते. कपात चहा तसाच होता.

खुनाचं कलम लागलं. साहेबांचं कौतुक झालं. शिपायानं जबाब टाइप केला, त्यात 'ठाण्यातील अनोळखी बाई' असं आलं. ती कोण, हे शोधायची कुणाला गरज पडली नाही.

आता लोक म्हणतात, ऑनलाइनमुळं फायली अडवणं बंद झालं. झालं, खरं आहे. ती फाईल अडली होती म्हणून ती बाई सहा वर्षं जगली. पण कागदाचं कौतुकही माझ्यापुढं करू नये. कागदावर तिचं म्हणणं पेन्सिलीनंच होतं. शाईनं लिहून तिला सांभाळायची तयारी कुणाचीच नव्हती. पुसायला मग एक खोडरबर पुरलं.

मी एवढंच शिकले, की भ्यालेल्या माणसाला खोटा धीर देऊ नये. माझा धीर खरा मानून ती बाई नवऱ्यापुढं ताठ उभी राहिली.

कोर्टाच्या कागदांत ती बाई अजून अनोळखीच आहे. ती मी. हे मी पेनानं लिहिते आहे.