ताईच्या चालीने

तिचा डावा पाय उजव्यापेक्षा तीन बोटं आखूड होता, जन्मापासूनचा. त्याचं तिला दुःख नव्हतं आणि त्याचं भांडवलही तिने कधी केलं नाही. धाकटा भाऊ नाक्यावर चप्पल-बूट दुरुस्त करायला बसू लागला, तेव्हा पहिलं काम त्याने केलं ते तिच्या डाव्या बुटाला जाड तळ लावायचं. त्याला आता तीस वर्षं झाली. दर वर्षी तो तिचा बूट नवा करतो आणि दर वर्षी ती म्हणते, अजून जरा चावतोच. भाऊ तिला ताई म्हणतो म्हणून सगळी वस्तीच ताई म्हणते, तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा.

ताई इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करते. सुरकुती तिच्या हाताला घाबरते, असं तिथल्या बायका सांगतात. घर रस्त्याच्या अलीकडे, धुलाईघर पलीकडे. पूर्वी हा रस्ता समोरासमोर आलेल्या दोन गाड्या एकमेकींना चाटून जातील एवढाच होता. तेव्हा माणसं बोलत बोलत पलीकडे जायची. मग तो रुंद केला. रुंदी वाढली तशी गाड्यांची गर्दी दुप्पट झाली. माणसांनी कुठून जायचं, हे मात्र ठरवायचं राहून गेलं. गाड्यांमध्ये फट दिसली की माणसं जीव मुठीत धरून पळत सुटायची.

ताईला पळता येत नाही. ती काठावर उभी राहायची, कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. एका महिन्यात सहा वेळा उशीर झाला, तेव्हा मुकादमाने सांगून टाकलं, की एक तारखेपासून तिच्या टेबलावर दुसरी बाई उभी राहील.

भाऊ म्हणाला, मी रोज हात धरून पलीकडे सोडतो.

"मी काय पार्सल आहे?" ताई म्हणाली.

पळताना कुणाच्या ना कुणाच्या पायातून चप्पल निसटायची. ती घ्यायला वळण्याची हिंमत कोण करणार? गाड्यांमध्ये फट पडली की भाऊ लांब काठीने ती ओढून घ्यायचा आणि मालक येईल म्हणून ठेवून द्यायचा. बहुतेक मालक यायचेच नाहीत. अशा त्रेचाळीस चपला जमल्या होत्या, सगळ्या एकट्या. नाक्यावरच्या किराणा दुकानदाराने त्या पाहिल्या आणि त्याचे डोळे चमकले. याच्याहून मोठा पुरावा कुठला, तो म्हणाला. सोमवारी पोतं घेऊन रस्ते खात्याच्या कचेरीत जायचं ठरलं.

सोमवारी पंधरा-वीस माणसं साहेबांच्या खोलीत शिरली. भावाने पोतं टेबलावर रिकामं केलं. सगळे बघतच राहिले. प्रत्येक चपलेचा तुटलेला अंगठा शिवलेला, उसवलेली वादी बसवलेली, सुटलेला तळ चिकटवलेला. काहींना पॉलिशसुद्धा. दोन दिवस गिऱ्हाईक बाजूला सारून भाऊ तेच करत बसला होता.

साहेबांनी एक चप्पल उलटीसुलटी करून पाहिली. चांगली दिसते, यात धोका कुठे आला, असं त्यांनी विचारलं. कारकून हसले. एकाने तर आपल्या मापाची आहे का म्हणून पाय पुढे केला.

बाहेर आल्यावर दुकानदाराचा तोल सुटला. "अरे शहाण्या, पुरावा कुणी शिवतो का?"

"फाटकी वस्तू माझ्या हातातून पुढे जात नाही," भाऊ म्हणाला. त्याची मान खाली होती, पण आवाज खाली गेला नव्हता.

परत येताना ताई रस्त्याच्या काठावर थांबली. समोरून एक बाई पिशवी छातीशी धरून पळत आली आणि धापा टाकत त्यांच्यात येऊन आदळली. ताईने तिला सावरलं आणि मग सगळ्यांकडे वळून सांगितलं.

"आपण पळतो म्हणून कचेरीतल्यांचं भागतंय. उद्यापासून कुणी पळायचं नाही. माझ्या चालीने चालायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला बाराजण जमले. भाऊ काठीला लाल फडकं बांधून पुढे झाला. त्याने फडकं हलवून गाड्या थांबवल्या आणि त्याच्यामागून ताई निघाली, नेहमीसारखी, एक पाऊल भक्कम आणि एक झुलतं. बाकीचे तिच्यामागे. भोंगे कानठळ्या बसवू लागले. एका ट्रकवाल्याने डोकं बाहेर काढून, मावशी, आज पोचायचं आहे ना, असं विचारलं. मी पोचतेच आहे, तुझं तू बघ, असं म्हणून ताई तिच्याच चालीने पुढे गेली.

चौथ्या दिवशी साठजण होते. इस्पितळातल्या परिचारिका आल्या, काठी टेकत म्हातारे आले. आता सकाळ-संध्याकाळ दर अर्ध्या तासाने एक फेरी निघू लागली. गाड्यांची रांग कचेरीपर्यंत पोचली. नवव्या दिवशी अडकलेल्या जीपमधून उतरून साहेब स्वतः चालत आले, घामाने भिजलेले. त्यांनी ताईला जरा भरभर पाय उचलायची विनंती केली.

"पाय माझा आहे साहेब, तो एवढाच उचलतो," ताई म्हणाली. "रस्ता तुमचा आहे, त्याचं काय ते तुम्ही बघा."

पहिल्या फेरीपासून तीन आठवड्यांत दोन गतिरोधक झाले, पांढरे पट्टे आले, सिग्नलचा खांब उभा राहिला. पहिल्या दिवशी खात्याच्या अभियंत्याने पुस्तकात बघून चालणाऱ्यांना चौदा सेकंद दिले. ताई अर्ध्यावर असतानाच दिवा बदलला. गाड्या गुरगुरल्या. भावाच्या तोंडून निघून गेलं, ताई, पळ. ती पळाली नाही, थांबलीही नाही. मागचे लोकही तिच्याच चालीने येत राहिले. सगळे पलीकडे पोचेपर्यंत एकही चाक हललं नाही. खांबाखाली उभा असलेला अभियंता घड्याळाकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी चाळीस सेकंद झाले.

ताईला अडतीस लागतात. वरचे दोन शिल्लक राहिले, असं दुकानदार म्हणाला, तेव्हा मागच्या म्हातारीला ते लागतील, असं तिने सांगितलं.

त्या दिवशी महिनाअखेर होती आणि उद्याच्या एक तारखेसाठी मुकादमाने दुसऱ्या बाईला बोलावून ठेवलं होतं. ताई नऊच्या पाळीला दहा मिनिटं बाकी असतानाच टेबलापाशी उभी राहिली, पहिली चादर झटकून पसरली आणि इस्त्री हातात घेतली.

"ती उद्या आली तर शेजारचं टेबल रिकामंच आहे," ती मुकादमाला म्हणाली. "तिथे उभी करा तिला. चादरी काही कमी नाहीत."